स्वरदुरुस्तीचे यंत्र आणि ध्वनिमुद्रिकेचे प्रामाण्य

१

संगीताचा इतिहास लिहिणाऱ्यास विसाव्या शतकाने पूर्वसूरींना न लाभलेले एक साधन दिले. तानसेनाचा गंधार कसा लागत असे हे सांगण्यास ग्रंथ व दंतकथा यांपलीकडे काहीही उपलब्ध नाही. उलट अब्दुल करीमखाँ यांचा गंधार कसा लागत असे हे त्यांची ध्वनिमुद्रिका लावून कोणासही ऐकता येते आणि योग्य उपकरणे हाताशी असल्यास मोजताही येते. ध्वनिमुद्रिका हा गायकाच्या सुराचा प्रत्यक्ष पुरावा होय, या गृहीतकावर गेल्या शतकातील संगीतविषयक संशोधनाचा बराच मोठा भाग उभा आहे.

इ. स. १९९७ मध्ये अमेरिकेत ‘ऑटो-ट्यून’ या नावाची संगणक-प्रणाली बाजारात आली आणि या गृहीतकास धक्का बसला. गायकाचा जो स्वर नेमक्या जागी लागला नसेल तो ओळखणे आणि त्यास योग्य मानलेल्या जागी सरकवणे, हे या प्रणालीचे कार्य. लोकप्रिय संगीतात तिचा जसजसा प्रसार झाला तसतसा तिच्याविषयी वादही वाढला. एका पक्षाच्या मते ही निव्वळ फसवणूक होय. दुसऱ्या पक्षाच्या मते ध्वनिक्षेपक किंवा ध्वनिफीत यांसारखेच हे एक उपकरण आहे. या दोन्ही मतांत विचार होतो तो गायकाच्या प्रामाणिकपणाचा किंवा श्रोत्याच्या अभिरुचीचा. इतिहासाच्या अभ्यासकापुढील प्रश्न याहून निराळे आहेत. स्वर ‘दुरुस्त’ करावयाचा तर बरोबर स्वर कोणता हे आधी ठरलेले असावे लागते. ते कोणी आणि कशाच्या आधारे ठरवले? आणि हा निर्णय गायकाच्या कंठाकडून यंत्राकडे गेल्यानंतर ध्वनिमुद्रिकेच्या साक्षीचे मोल किती उरले? प्रस्तुत निबंधात या दोन प्रश्नांचा क्रमाने विचार केला आहे.

२

ध्वनिमुद्रिका ही गायनाची निर्मळ प्रतिकृती कधीच नव्हती, हे प्रारंभीच मान्य केले पाहिजे. फ्रेड गैसबर्ग यांनी १९०२ मध्ये कलकत्त्यास गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले, त्या काळी तबकडीच्या गतीस सर्वमान्य प्रमाण नव्हते. मिनिटाला ७८ फेरे हा संकेत पुढे रूढ झाला. मिनिटाला ७० फेऱ्यांच्या गतीने मुद्रित झालेली तबकडी ७८ फेऱ्यांच्या गतीने वाजवली तर सर्वच स्वर पावणेदोन अर्धस्वरांहूनही अधिक चढतात. जुन्या गायकांची पट्टी कोणती होती याविषयीची कित्येक विधाने या कारणाने संशयास्पद ठरतात. परंतु येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. तबकडीची गती बदलल्याने सर्व स्वर सारख्याच प्रमाणात वर किंवा खाली जातात. षड्जापासून गंधाराचे अंतर जसेच्या तसे राहते. गायकाची पट्टी हरवली तरी त्याचे स्वरसंबंध हरवत नाहीत.

दुसऱ्या महायुद्धानंतर चुंबकीय ध्वनिफीत प्रचारात आली आणि हस्तक्षेपाचा दुसरा टप्पा सुरू झाला. फीत कापता येई व जोडता येई. एकच गीत पुन्हा पुन्हा गाऊन त्यांतील उत्तम ओळी, प्रसंगी उत्तम शब्द, निवडून एकत्र सांधण्याची रीत पडली. फितीची गती कमीअधिक करून आवाजाची जातही बदलता येऊ लागली. बीटल्स या इंग्रज वाद्यवृंदाचे ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ हे गीत १९६६ च्या अखेरीस मुद्रित होऊन १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची दोन मुद्रणे निराळ्या पट्टीत व निराळ्या लयीत झाली होती. फितींची गती बदलून ती परस्परांशी जुळवण्यात आली. श्रोत्याने जे गीत ऐकले ते कोणत्याही एका क्षणी कोणीही गायले नव्हते. तरीसुद्धा त्यातील प्रत्येक स्वर कोणत्या ना कोणत्या क्षणी गायकाच्या कंठातून निघालेला होता, आणि शेजारच्या स्वराशी असलेले त्याचे नाते, सांध्याची जागा सोडल्यास, गायकाचेच होते.

तिसरा टप्पा १९७५ मध्ये आला. अमेरिकेतील इव्हेंटाइड या संस्थेने टोनी अॅग्नेलो यांनी रचलेले ‘हार्मोनायझर’ हे उपकरण विक्रीस काढले. फितीची गती वाढवली की स्वर चढतो, पण गीतही आखूड होते. या उपकरणाने स्वराची उंची व कालमान यांची ही गाठ सोडवली. गीताची लांबी तीच ठेवून एखादाच कणसूर लागलेला स्वर उचलून घेणे आता शक्य झाले. मात्र कोणता स्वर उचलावयाचा आणि किती, हे ध्वनिमुद्रकास स्वतःच्या कानाने ठरवावे लागे. काम कष्टाचे असल्याने ते क्वचितच केले जाई. निवाडा मनुष्याचा होता, आणि अपवादापुरता होता.

३

पुढील पाऊल केवळ तंत्राच्या प्रगतीने पडले नाही. बरोबर स्वराची एक निश्चित व्याख्या त्याआधी सिद्ध झालेली होती, म्हणूनच ते पडू शकले. ही व्याख्या कळफलकाच्या वाद्यांनी घडवली. युरोपीय संगीतात सप्तकाचे बारा समान भाग करण्याची पद्धत पियानोच्या प्रसारासमवेत सार्वत्रिक झाली. अलेक्झांडर एलिस यांनी १८८५ मध्ये लिहिलेल्या प्रबंधात या प्रत्येक भागाचे शंभर सूक्ष्म अंश कल्पून ‘सेंट’ हे माप रूढ केले. या मापाने पियानोचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर आहे, तर तंबोऱ्याच्या नादातून सहजपणे उमटणारा गंधार सुमारे ३८६ सेंटवर आहे. विशेष असे की, ज्या एलिसांच्या मापाने पुढे सारे जग बाराच्या चौकटीत मोजले जाऊ लागले, त्यांनी स्वतः अनेक देशांच्या सप्तकांची मापे घेऊन नेमका उलट निष्कर्ष काढला होता. निसर्गाने घालून दिलेले एकच एक सप्तक नाही. सप्तके नाना प्रकारची असून ती मानवनिर्मित आहेत, असे त्यांचे प्रतिपादन होते.

उत्तम गायक तरी या बारा बिंदूंवर गातो काय? १९२० ते १९४० या काळात आयोवा विद्यापीठात कार्ल सीशोर व त्यांचे सहकारी यांनी नामांकित गायकांच्या आवाजाचे आलेख घेतले. ज्यास श्रोता एक स्थिर स्वर समजतो तो प्रत्यक्षात सेकंदाला सहासात वेळा वरखाली हेलकावत असतो आणि त्या हेलकाव्याचा पल्ला सुमारे एका अर्धस्वराएवढा असतो, असे त्यांना आढळले. स्वराच्या काटेकोर जागेपासून कलावंत जे विचलन करतो तेच पुष्कळदा कलेचे साधन असते, हा सीशोर यांचा सिद्धान्त १९३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संगीताच्या मानसशास्त्रावरील ग्रंथात विस्ताराने आला आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या गायनात गंधार-निषादांच्या जागा पियानोच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये कोठेतरी फिरत्या राहतात, हे तर जाझ व ब्लूज या संगीतप्रकारांचे लक्षणच मानले गेले. म्हणजे सुरेल गायन ही बिंदूंची मालिका नसून एक वाहती रेषा आहे, हे ज्ञान यंत्र निघण्यापूर्वी साठ वर्षे उपलब्ध होते.

ते ज्ञान मागे पडण्याचे कारण ध्वनिमुद्रणाच्या व्यवहारात शोधावे लागते. १९८० नंतर लोकप्रिय संगीताची साथ अधिकाधिक प्रमाणात विद्युत् वाद्यांवर आणि संगणकावर रचली जाऊ लागली. निरनिराळ्या वाद्यांना एकमेकांशी जोडणारा ‘मिडी’ हा संकेत १९८३ मध्ये प्रस्थापित झाला. लय यंत्राची, स्वर यंत्राचे आणि तेही समान अंतरावर पक्के बसवलेले. सारंगी किंवा व्हायोलिन वाजवणारा गायकाच्या स्वराकडे किंचित झुकू शकतो. संगणक झुकत नाही. अशा चौकटीत मानवी आवाज हाच एक घटक असा राहिला की जो आखलेल्या रेघेवर बसत नव्हता. पूर्वी जे गायकाचे वैशिष्ट्य वाटले असते ते आता साथीशी विसंगत भासू लागले. ‘दोष’ ही कल्पना प्रथम निर्माण झाली, आणि ‘दुरुस्ती’ तिच्या पाठोपाठ आली.

४

ही दुरुस्ती ज्यांनी सुलभ केली ते हॅरॉल्ड (अँडी) हिल्डेब्रँड हे मूळचे तेलसंशोधनाच्या क्षेत्रातील विद्युत् अभियंते. इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवल्यानंतर त्यांनी एक्सॉन या तेलकंपनीत काम केले आणि १९८२ मध्ये लँडमार्क ग्राफिक्स या संस्थेच्या स्थापनेत भाग घेतला. जमिनीत स्फोट घडवून त्याचे खालच्या थरांवरून परतणारे कंप टिपावयाचे आणि गणिताच्या साह्याने भूगर्भाची रचना ताडावयाची, असे या कामाचे स्वरूप होते. १९८९ मध्ये ते या व्यवसायातून निवृत्त झाले आणि राइस विद्यापीठात संगीतरचनेच्या अभ्यासाकडे वळले. भोजनाच्या वेळी एका स्त्रीने, आपल्याला सुरात गाता येईल असे एखादे यंत्र करा, असे थट्टेने सुचवले आणि त्यातून ही कल्पना निघाली, अशी हकीकत त्यांनी स्वतःच सांगितली आहे.

हकीकतीपेक्षा यंत्राची रीत महत्त्वाची आहे. कोणत्याही स्वराचे कंप ठरावीक कालानंतर पुन्हा त्याच आकाराने येतात. ध्वनीची त्याच्याच थोड्या मागे सरकवलेल्या प्रतीशी तुलना केली असता ज्या अंतरावर दोहोंचा मेळ बसतो, ते अंतर म्हणजे त्या स्वराचा आवर्तनकाल होय. गणितात या रीतीला स्वसहसंबंध म्हणतात. ही रीत जुनीच होती. परंतु तिला लागणारी आकडेमोड इतकी प्रचंड होती की गाणे चालू असताना ती करणे अशक्य मानले जाई. हिल्डेब्रँड यांनी ही आकडेमोड मोठ्या प्रमाणात कमी करणारी युक्ती शोधली. त्यांच्या शोधाच्या एकस्वासाठी १९९८ मध्ये अर्ज झाला व १९९९ मध्ये ते मंजूर झाले.

स्वर ओळखल्यानंतर यंत्र तो निवडलेल्या सप्तकाशी ताडून पाहते आणि सर्वांत जवळच्या मान्य स्वरावर नेऊन बसवते. हे बसवणे किती त्वरेने व्हावे तेही वापरणाऱ्यास ठरवता येते, आणि हा काल सेकंदाच्या सहस्रांशांत मोजला जातो. गती मंद ठेवली तर गायकाचा कंप व आस पुष्कळशी टिकून राहते आणि दुरुस्ती कानास जाणवत नाही. गती शून्यावर आणली तर एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना कंठ जो मार्ग आक्रमितो तो नाहीसा होतो आणि आवाज पायऱ्या उतरल्यासारखा तुटक व धातूसारखा ऐकू येतो.

या प्रणालीत निरनिराळ्या सप्तकांची सोयही आहे. युरोपातील जुनी सप्तके, अरबी सप्तके आणि रागगायनासाठी म्हणून दिलेले २२ स्वरांचे ‘भारतीय’ सप्तकही तीत आढळते. यावरून कर्त्यास बारा स्वरांपलीकडील जगाची जाणीव होती हे स्पष्ट होते. परंतु बारा असोत वा बावीस, मूळ कल्पना एकच राहते. बरोबर स्वर गाण्यापूर्वीच निश्चित असतो, आणि गायनाची परीक्षा त्यापासूनच्या अंतराने करावयाची, ही ती कल्पना होय.

५

यंत्राचा प्रसार कसा झाला याचा इतिहास साधनचिकित्सेच्या दृष्टीने उद्बोधक आहे. ऑक्टोबर १९९८ मध्ये शेर या अमेरिकन गायिकेचे ‘बिलीव्ह’ हे गीत प्रसिद्ध झाले. त्याचे ध्वनिमुद्रण लंडनमध्ये मार्क टेलर व ब्रायन रॉलिंग या निर्मात्यांनी केले होते. गीताच्या काही ओळींत गायिकेचा आवाज एकाएकी यांत्रिक होऊन तुटक पायऱ्यांनी फिरतो. ही दुरुस्तीची गती शून्यावर आणल्याची किमया होती. फेब्रुवारी १९९९ मध्ये ‘साउंड ऑन साउंड’ या ध्वनिमुद्रण-व्यवसायातील ब्रिटिश मासिकात या गीताच्या निर्मितीची सविस्तर हकीकत आली. तीत टेलर यांनी हा परिणाम व्होकोडर या निराळ्याच उपकरणाने साधल्याचे सांगितले. खरी गोष्ट नंतर उघड झाली. व्यवसायातील गुपित राखणे हा त्यामागील हेतू होता.

येथे क्षणभर थांबावयास हवे. साक्षीदार प्रत्यक्ष कर्ता आहे. साक्ष घटनेनंतर काही महिन्यांतच दिलेली आहे. ती तज्ज्ञांच्या नियतकालिकात छापली गेली आहे. साधनचिकित्सेच्या रूढ कसोट्यांनी ही साक्ष प्रथम श्रेणीची ठरावी, आणि तरीही ती चुकीची होती. स्वरदुरुस्तीच्या बाबतीत कर्त्यांच्या निवेदनावर कितपत विसंबावे, याचा हा पहिलाच आणि बोलका धडा आहे.

पुढील दशकात यंत्राचा उघड वापर ही एक शैली बनली. टी-पेन या गायकाने २००५ पासून आपली सारी गायकी या तुटक आवाजावर उभारली. कान्ये वेस्ट यांनी २००८ च्या ‘८०८ज अँड हार्टब्रेक’ या संग्रहात शोक व एकाकीपणा व्यक्त करण्यासाठी तिचा उपयोग केला. विरोधही तितकाच उघड होता. फेब्रुवारी २००९ मधील ग्रॅमी समारंभास एका अमेरिकन वाद्यवृंदाचे सभासद निषेधाची निळी फीत लावून आले, आणि त्याच वर्षी जे-झी यांनी या यंत्राचा मृत्यू घोषित करणारे गीत प्रसिद्ध केले. मृत्यू अर्थातच झाला नाही. २०१४ मध्ये टी-पेन यांनी अमेरिकेच्या सार्वजनिक रेडिओच्या एका छोट्या मैफलीत यंत्राशिवाय गाऊन दाखवले, तेव्हा त्यांचा मूळचा आवाज सुरेल असल्याचे पाहून अनेकांस आश्चर्य वाटले. न येणाऱ्या सुराची उणीव झाकण्यासाठीच यंत्र वापरले जाते, हा समज किती अपुरा होता हे त्यातून दिसून आले.

हा सर्व वाद ज्या वापराभोवती फिरत राहिला त्याने कोणाचीही फसवणूक होत नव्हती. शेर किंवा टी-पेन यांचा आवाज बदललेला आहे हे लहान मुलासही कळते. खरा प्रसार झाला तो न कळणाऱ्या वापराचा. म्युनिक येथील पीटर नॉयबेकर यांनी २००१ मध्ये ‘मेलोडाइन’ ही दुसरी प्रणाली आणली. तीत प्रत्येक स्वर पडद्यावर एखाद्या ठिपक्यासारखा दिसतो आणि हवा तेथे उचलून ठेवता येतो. २००९ पासून तर एकत्र वाजलेल्या स्वरसंघातील एकेक स्वरही वेगळा काढता येऊ लागला. या दुरुस्तीचा मागमूस कानास सहसा लागत नाही. २०१० मध्ये ब्रिटनमधील ‘द एक्स फॅक्टर’ या दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धेत उमेदवारांचे आवाज दुरुस्त केल्याचे उघड होऊन प्रेक्षकांनी संताप व्यक्त केला. ज्या कार्यक्रमाचा विषयच मुळी गायकाची पारख हा होता, तेथेही ऐकणाऱ्यास कानाने निश्चित काही सांगता येईनासे झाले, हे त्या प्रसंगाचे तात्पर्य होय.

६

महाराष्ट्रातील अभ्यासकांस हा प्रश्न सर्वस्वी नवीन वाटू नये. स्वर आधीच पक्के बसवलेल्या वाद्याने गायकाच्या सुराचे काय होते, यावर येथे शंभर वर्षांपूर्वी कडाक्याचा वाद झाला आहे. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये हिंदुस्थानी सप्तक व बावीस श्रुती यांवरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या प्रयोगांत अब्दुल करीमखाँ यांच्या गायनाचे साह्य घेतलेले होते. मुंबई इलाख्यातील सनदी न्यायाधीश ई. क्लेमंट्स यांनी १९१३ मध्ये त्याच दिशेने लेखन केले, आणि बाजाच्या पेटीच्या बारा स्वरांऐवजी बावीस श्रुती वाजवणारी पेटी लंडनमध्ये तयार करवून घेण्यात आली. १९१६ मध्ये बडोद्यास भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत या श्रुतिपेटीवर तीव्र मतभेद झाले. १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीच्या साथीवर बंदी घातली, ती १९७१ मध्ये अंशतः शिथिल होईपर्यंत टिकली.

या वादात दोन्ही पक्षांचे एका गोष्टीवर नकळत एकमत होते. बारा स्वर अपुरे असतील तर बावीस घ्यावेत. पण योग्य स्वरांची यादी करता येते, असे श्रुतिपेटीच्या पुरस्कर्त्यांस वाटत होते. भातखंडे यांनी स्वरलेखनासाठी बारा स्वरच पायाभूत मानले. नझीर जैराजभॉय व ए. डब्ल्यू. स्टोन यांनी १९६३ मध्ये उत्तर हिंदुस्थानी संगीतातील स्वरस्थानांची मापे प्रसिद्ध केली, तेव्हा असे दिसले की निरनिराळे थोर कलावंत एकच रागस्वर एकाच जागी लावीत नाहीत. म्हणजे यादी बाराची असो वा बावीसची, सूर तिच्यात सामावत नाही.

पेटी आणि स्वरदुरुस्तीचे यंत्र यांत मात्र एक मूलगामी भेद आहे. पेटी गायकाच्या शेजारी वाजते. तिचा गंधार आणि गायकाचा गंधार असे दोन्ही श्रोत्यास ऐकू येतात, आणि त्यांतील अंतर जाणकारास खटकते. ते खटकले म्हणूनच वाद होऊ शकला. स्वरदुरुस्तीचे यंत्र कंठाच्या शेजारी बसत नाही. ते कंठाच्या जागी बसते. दुसरा गंधार ऐकूच येत नाही, त्यामुळे तुलनेस आधार उरत नाही आणि वादास विषयही उरत नाही.

मींडप्रधान गायनावर या यंत्राचा परिणाम कसा होतो याचे उत्तम उदाहरण उत्तर आफ्रिकेत मिळते. मोरोक्कोतील बर्बर गायक आणि अल्जेरियातील राई या लोकप्रिय प्रकाराचे गायक यांनी २००० च्या सुमारास हे यंत्र उत्साहाने स्वीकारले. त्यांच्या गायनात स्वरांमधून सरकत जाण्याचे प्रमाण फार. सरकणारा आवाज यंत्राच्या प्रत्येक पायरीवर क्षणभर अडकतो व पुढच्या पायरीवर उडी घेतो; त्यातून जी थरथर निर्माण होते तिलाच त्यांनी नवा अलंकार मानले. हा वापर उघड व बुद्धिपुरस्सर असल्याने त्याचा इतिहास लिहिणे अवघड नाही. एकविसाव्या शतकात हिंदी व मराठी चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रणातही ही यंत्रणा नित्याची झाली. तेथे ती बहुधा अदृश्य राहते, आणि गायकाने घेतलेली मींड व श्रोत्यापर्यंत पोहोचलेली मींड एकच आहे की नाही, हे मुद्रिकेवरून ठरवता येत नाही.

७

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात व दोन्ही विचारार्ह आहेत. पहिला असा की, ध्वनिमुद्रणात हस्तक्षेप आरंभापासूनच होता; मग याच हस्तक्षेपाचे एवढे अवडंबर का? याचे उत्तर वर दिलेल्या टप्प्यांच्या क्रमातच आहे. तबकडीची गती बदलली तरी स्वरसंबंध कायम राहिले. फीत कापून जोडली तरी प्रत्येक स्वर गायकाने गायलेला होता. हार्मोनायझरने एखादा स्वर हलला तरी तो अपवाद होता आणि निवाडा कानाचा होता. स्वरदुरुस्तीच्या स्वयंचलित यंत्राने प्रथमच संपूर्ण गायनातील प्रत्येक स्वर एका पूर्वनिश्चित मापास बांधला. येथे जो स्वर मुद्रिकेत उरतो तो कोणीही, कधीही गायलेला नसतो. गायकाने लावलेले स्वरसंबंध पुन्हा मिळवता येतील की नाही, ही कसोटी लावली तर पहिले तीन टप्पे एका बाजूस व चौथा दुसऱ्या बाजूस पडतो.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. गायकाने एखादे गीत अत्यंत उत्कटतेने गायले आणि त्यातील एकच स्वर कणसूर लागला, तर सारे गीत पुन्हा गाऊन घेण्यात ती उत्कटता हरपते. तो एक स्वर यंत्राने सावरला तर कलेचे रक्षणच होते. हे म्हणणे खरे आहे, आणि यंत्राचा हा लाभ नाकारणे अन्यायाचे होईल. परंतु प्रत्यक्षात वापर या मर्यादेत राहिला नाही. आणि जेथे राहिला तेथेही त्याची नोंद ठेवण्याची रीत पडली नाही. जुन्या ग्रंथाचा संपादक पाठ सुधारतो तेव्हा मूळ पाठ तळटीपेत देतो. ध्वनिमुद्रणाच्या संपादकाने पाठ सुधारला, पण तळटीप दिली नाही. आक्षेप घ्यावयाचा तो सुधारणेवर नव्हे, तळटीपेच्या अभावावर घेतला पाहिजे.

८

या विवेचनातून संशोधनपद्धतीविषयी काही गोष्टी निष्पन्न होतात. १९९७ नंतरची लोकप्रिय संगीताची कोणतीही ध्वनिमुद्रिका गायकाच्या सुराचा स्वयंसिद्ध पुरावा म्हणून वापरता येणार नाही. ती गायक, ध्वनिमुद्रक आणि यंत्र यांच्या संयुक्त कर्तृत्वाची निर्मिती मानली पाहिजे. प्रत्यक्ष मैफलीचे किंवा थेट प्रक्षेपणाचे मुद्रणही यास अपवाद नाही; गाणे चालू असतानाच स्वर सुधारणारे स्वतंत्र उपकरणही प्रणालीच्या पाठोपाठ निघाले होते. १९९७ पूर्वीच्या गायनाच्या बाबतीतही दक्षता हवी. जुन्या गीतांची नव्याने संस्कारित आवृत्ती हाती असेल तर शक्य तोवर मूळ तबकडी वा फितीशी ती पडताळून पाहणे अगत्याचे आहे. स्वरांची मापे घेणाऱ्या अभ्यासकाने तर मुद्रण केव्हा, कोठे व कोणत्या प्रक्रियेतून झाले याची माहिती मापांच्या आधी दिली पाहिजे.

यांत संग्रहालयांचा भार सर्वांत मोठा आहे. अंतिम मुद्रिका जतन करणे पुरेसे नाही. गायकाचे दुरुस्तीपूर्वीचे मुद्रण संगणकावर बहुधा स्वतंत्र असते, आणि काम संपल्यावर ते पुसले जाते किंवा प्रणाली जुनी झाल्याने उघडेनासे होते. ते मिळवून ठेवण्याची योजना विद्यापीठांनी व ध्वनिसंग्रहालयांनी वेळीच केली नाही, तर एका चमत्कारिक परिस्थितीस भावी अभ्यासकांस तोंड द्यावे लागेल. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या खरखरत्या तबकडीवरून त्यांना त्या काळच्या गायिकेच्या गंधाराची जागा सांगता येईल. परंतु शंभर वर्षांनंतरच्या, कोणताही खरखराट नसलेल्या मुद्रिकेवरून तिच्या गायिकेच्या गंधाराविषयी मात्र त्यांना काहीही निश्चितपणे सांगता येणार नाही.